कापूस वेचणारीची गादी

 

आज आम्ही गादीबद्दल बोलणार आहोत. ऐकून कुणाला हसू येईल. बियाणं, कर्ज, पोरांची फी एवढे विषय पडलेले असताना ह्यांना गादी कुठून सुचली, असंही वाटेल. पण जरा ऐका.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते आणि पुढे तीन-चार महिने चालते. ओटी बांधायची, सकाळपासून वाकायचं, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायलाही कुणी थांबत नाही. त्याआधी निंदणाचे दिवस असतात, ते बसून सरकत काढायचे. घरी आल्यावर पाणी, चूल, भांडी आहेतच. एवढं करून रात्री जी पाठ टेकते, ती कशावर टेकते?

गटाच्या बैठकीत आम्ही हाच प्रश्न विचारला. घरात कोण कशावर झोपतं? उत्तरं जवळपास सारखीच आली. दिवाणावरची गादी घरधन्याला. पाहुणा आला की पाहुण्याला. पोराच्या लग्नात आलेली गादी पोराच्या खोलीत. सासऱ्यांना बाज. आणि आपण? खाली सतरंजी आणि तिच्यावर विरलेली गोधडी. कापूस वेचणारीच्याच पाठीखाली कापूस नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करू. गादी ही चैन नाही, ते अवजार आहे. विळ्याला धार लावतो, डवऱ्याचं पातं बदलतो, तेव्हा कुणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. आपली पाठ तर रोजचं अवजार. रात्री तिला विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी मजुरी बुडते आणि गोळीचा खर्च वाढतो.

आता कुणी म्हणेल, आमची आजी जन्मभर जमिनीवर झोपली, कडक जमिनीवर पाठ सरळ राहते. हे आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. पण ह्यावर अभ्यास झाला आहे. स्पेन देशात जुनं कंबरदुखणं असलेल्या ३१३ माणसांना दोन प्रकारच्या गाद्या दिल्या. काहींना कडक, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात २००३ साली हे छापून आलं. म्हणजे फार कडक बरं नाही आणि लोण्यासारखं मऊही नको. मधलं हवं.

जमिनीवर झोपण्यात आणखी एक धोका आहे, तो पाठीचा नाही, जिवाचा आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. असं काही झालं तर झाडफूक करत बसू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. पण मुळात अंथरूण जमिनीपासून वर असावं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी. पैसे थोडे असतील तर आधी बाज किंवा कॉट, मग गादी. हा क्रम लक्षात ठेवा.

आता गादी चांगली की वाईट हे ओळखायचं कसं? त्याला यंत्र लागत नाही, आपला हात पुरतो. गादीवर पाठीवर पडा. कमरेच्या खाली जी पोकळी राहते, तिथे तळहात सरकवा. हात सहज आरपार गेला आणि जागा उरली, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात शिरतच नाही, कंबर खाली रुतली आहे, तर गादी मऊ आहे. हात थोडा घासत, पण जात असेल तर गादी बरोबर. मग कुशीवर वळा. खांदा आणि कुल्हा थोडे आत गेले पाहिजेत आणि पाठीचा कणा सरळ राहिला पाहिजे. तो सरळ आहे का, हे सोबतच्या मैत्रिणीला मागून बघायला सांगा.

माणूस जड असेल तर गादी जरा घट्ट हवी, अंगानं हलकं असेल तर जरा मऊ चालते. म्हणून शेजारणीला चांगली वाटली ती तुम्हाला चांगली वाटेलच असं नाही.

नवी गादी घेण्याआधी घरातलं एक काम करा. गादीच्या खाली काय आहे ते बघा. कित्येकदा दोष गादीचा नसतो, बाजेचा असतो. बाजेची नवार किंवा दोरी सैल पडली की मधे खड्डा होतो आणि कंबर रात्रभर त्या खड्ड्यात लोंबकळते. बाज आवळून घ्या. लोखंडी कॉटचा पत्रा वाकला असेल तर त्यावर प्लायवूडची फळी टाका. तेवढ्यानंच फरक पडला तर गादीचे पैसे वाचले.

उंचीही बघा. कॉटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. गुडघे दुखणाऱ्या मावशीला फार खालची कॉट उठताना छळते आणि फार उंच कॉटवरून रात्री पडायची भीती असते.

आता गादीचे प्रकार. पहिली आपली कापसाची. आमच्या मते आपल्या भागात, आपल्या उन्हाळ्यात हीच सगळ्यात सोयीची. ती हवा खेळती ठेवते, घाम शोषते, दबली तर पुन्हा पिंजून घेता येते. दुसरी कुठलीच गादी अशी पुन्हा नवी होत नाही.

हिशोब ऐका. सहा बाय तीन फुटांच्या एकेरी गादीला साधारण आठ ते दहा किलो रुई लागते. वावरातल्या कापसातून सरकी काढली की वजनाचा अंदाजे तिसरा हिस्सा रुई उरते. म्हणजे एका गादीला तीसेक किलो कापूस. एका क्विंटलमध्ये तीन गाद्या. भाव ७,००० रुपये क्विंटल धरला तर एका गादीचा कापूस २,१०० रुपयांचा झाला आणि सरकी आपल्याकडे उरली. त्यावर सरकी काढणं, पिंजाई, गादीपाटाचं कापड आणि शिलाई. सगळा कापूस विकून मग दुकानातून गादी आणण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघा. घरचा कापूस नसेल तर पिंजाऱ्याकडून रुई विकत घ्यावी लागेल. तिथे डोळे उघडे ठेवायचे.

रुईची चिमूट घ्या आणि दोन्ही हातांनी हळूच ओढा. चांगली रुई लांब धाग्यानं सुटते. टाकाऊ रुईचे तुकडे पडतात, धूळ उडते. त्यात रंगीत धागे दिसले तर ती जुन्या चिंध्या पिंजून केलेली आहे. ती स्वस्त मिळते, पण लवकर दबते आणि तिच्या गाठी होतात. मुठीत दाबून सोडा. चांगली रुई पुन्हा फुगते.

रुई खोळीत भरण्याआधी आपल्यासमोर वजन करायला सांगा आणि भरताना तिथेच थांबा. टाके जवळजवळ घालून घ्या, वीतभर अंतरापेक्षा लांब नकोत. टाके लांब असले की कापूस कडेला सरकतो आणि मधे नुसतं कापड उरतं.

घरात जुनी कापसाची गादी असेल तर नवी घेऊच नका. ती उसवून, पिंजून घ्या. पिंजण्याआधी आणि नंतर वजन करा. थोडी धूळ उडून वजन कमी होणारच. तेवढी एक-दोन किलो नवी रुई घाला आणि खोळ नवी शिवा. पिंजारीदादा दिवाळीनंतर गावात आले की गटातल्या पाच-दहा जणींनी एकदमच काम द्यावं. त्यांचीही फेरी वाया जात नाही आणि मजुरी ठरवताना आपलंही ऐकलं जातं.

कापसाच्या गादीची अडचण एकच. ती जड असते, ओली झाली की वाळत नाही आणि वरचेवर उन्हात घालावी लागते. घरात उचलायला माणूस नसेल, किंवा पावसाळ्यात भिंतींना ओल येत असेल, तर दुसरा विचार करा.

दुसरी काथ्याची गादी. नारळाच्या सालीचे तंतू रबराच्या चिकानं चिकटवून तिचा थर करतात. ती घट्ट असते, हवाही खेळते. पण नुसता काथ्या हाडाला टोचल्यासारखा कडक लागतो. वर एक-दीड इंच फोमचा थर असलेली बघा. हलक्या प्रतीच्या काथ्याचा काही वर्षांत भुसा होतो. दुकानात गादी उभी करून झटका. खालून भुसा पडला तर तिथेच ठेवून द्या.

तिसरी फोमची. बाजारात सगळ्यात जास्त हीच दिसते आणि फसवणूकही हिच्यातच सोपी, कारण वरची फुलाफुलांची खोळ सारखीच असते. दुकानदार म्हणतो, ताई, ही ३२ डेन्सिटी, ही ४० डेन्सिटी. त्याचा अर्थ समजून घ्या. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा फोमचा ठोकळा केला तर त्याचं वजन जितके किलो भरेल, ती डेन्सिटी. म्हणजे हे वजनाचं काम आहे आणि वजन तर आपल्याला कळतं. सहा बाय तीन फुटांची, चार इंच जाडीची गादी ३२ डेन्सिटीची असेल तर खोळ सोडून तिचं वजन साडेपाच किलोच्या आसपास भरायला हवं. ४० डेन्सिटीची पावणेसात किलोच्या आसपास. दुकानदार ३२ म्हणतो आणि काटा तीन किलो दाखवतो, तर कुणाचं खरं धरायचं ते तुम्हीच ठरवा.

पण काही जण हलक्या फोममध्ये भुकटी मिसळून वजन वाढवतात, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. गुडघा टेकवून दाबा. खालची फरशी गुडघ्याला लागली तर गादी पातळ. दाबून सोडल्यावर खड्डा तसाच राहिला तर फोम हलका. खोळीला चेन असेल तर ती उघडून आत बघा. टीव्हीच्या खोक्यात येतो तसा पांढरा कडक फोम आत निघाला तर ती गादी घेऊ नका. तो काही महिन्यांत चपटा होतो. रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला फोम असतो, तो घट्ट असतो. खालच्या थराला तो चालतो, पण वर मऊ थर हवाच.

फोम उन्हाळ्यात तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा नुसत्या फोमवर झोप लागत नाही. वर सुती गोधडी अंथरली की बरं वाटतं. आपली गोधडी इथे खरी कामाला येते.

दुकानात एक गोष्ट लाज सोडून करा. गादीवर पडून बघा. पुरुष माणूस दुकानात बिनधास्त आडवा होतो, आपण हात लावून पुढे जातो. मैत्रिणीला सोबत न्या, पदर नीट घ्या, चपला काढा आणि दहा मिनिटं पडा. आम्ही तालुक्याच्या बाजारात चौघी मिळून गेलो आणि आळीपाळीनं पडून पाहिलं. दुकानदार थोडा चपापला, मग स्वतःच दुसरी गादी काढून देऊ लागला. पैसे आपले, पाठ आपली, मग लाज कसली?

बिल पक्कं घ्या. त्यावर गादीचं माप, जाडी, डेन्सिटी लिहून घ्या. वॉरंटी दहा वर्षांची आहे म्हटलं तर कशाची, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी गादी अमुक इतकी खचली तरच बदलून मिळते आणि डाग पडला असेल तर नकार येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वर खोळ घाला. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. त्यावर मराठीत बोलता येतं. बिल हातात असेल तर तक्रारीला जोर येतो.

आता एका गोष्टीपासून सावध करायचं आहे. दारावर, कधी समाजमंदिरात सभा घेऊन, चुंबकाची गादी विकायला लोक येतात. साखर उतरेल, गुडघे बरे होतील, लकवा जाईल असं सांगतात. किंमत हजारोंच्या घरात आणि हप्ते पाडून देतात. बायांनो, चुंबकाच्या गादीनं साखर उतरते किंवा लकवा जातो, ह्याला काही आधार नाही. मधुमेह, लकवा असे आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ सालच्या कायद्यानं बंदी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, कारण असे लोक त्यांनाच गाठतात. आजच घेतली तर सवलत, असं कुणी म्हणालं की समजायचं, उद्यापर्यंत थांबण्यातच आपला फायदा आहे.

आता पैशाचं बोलू. गादीची किंमत वर्षांवर वाटून बघा. समजा, १,५०० रुपयांची गादी दीड वर्षात चपटी झाली. म्हणजे वर्षाला १,००० रुपये गेले. ३,५०० रुपयांची गादी सात वर्षं टिकली तर वर्षाला ५००, म्हणजे दिवसाला दीड रुपयाच्याही आत. स्वस्त गादी महाग पडते ती अशी. पण म्हणून व्याजानं पैसे काढून गादी घेऊ नका.

आमच्या गटानं गादीची भिशी काढली आहे. दहा जणी, प्रत्येकीचे महिन्याला ३५० रुपये. दर महिन्याला ३,५०० रुपये जमतात आणि एकीची गादी होते. गटाच्या नेहमीच्या बचतीला हात लावत नाही. एक नियम मात्र वेगळा ठेवला आहे. चिठ्ठी टाकायची नाही. ज्या घरात पोटुशी बाई आहे, जिची कंबर धरली आहे, जिचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, तिचा नंबर पहिला. आणि भिशीतून आलेल्या गादीवर तीच झोपणार, हे बैठकीत सगळ्यांसमोर ठरतं. नाहीतर गादी येते आणि दुसऱ्याच दिवशी दिवाणावर जाते.

काही घरांतली गरज वेगळी असते. तान्ह्या बाळाला मऊ गादी नको. बाळ त्यात रुततं, नाकतोंड दबतं आणि त्याला मान फिरवता येत नाही. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवरच निजवा, जवळ उशी-लोड ठेवू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कितीही चांगली गादी घेतली तरी दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, कुल्ह्याला जखमा होतात. त्यांच्या गादीवर मेणकापड आणि त्यावर सुती चादर घाला. जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादीही मिळते. आशाताईला किंवा दवाखान्यात विचारून मगच ती घ्या.

आणि हेही लक्षात असू द्या, गादी म्हणजे औषध नव्हे. दुखणं कमरेतून पायात उतरतं, पाय बधिर होतो, लघवीवर ताबा राहत नाही, ताप येतो, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर गादी बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

गादी घरात आली की ती टिकवणं आपल्या हातात आहे. महिन्यातून एकदा फिरवा, डोक्याकडची बाजू पायाकडे करा. कापसाची असेल तर उलटीही करा आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. फोमला मात्र थेट कडक ऊन देऊ नका, त्यानं तो पिवळा पडून खराब होतो. त्याला सावलीत वारं पुरतं. ढेकूण शिलाईत आणि कॉटच्या सांध्यांत लपतात, तिथे बघत जा. जुनी गादी कुणी फुकट दिली तरी शिवण तपासल्याशिवाय घरात आणू नका.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा प्रश्न विचारा. घरात कोण कशावर झोपतं? उत्तरं वहीत लिहा. मग ठरवा, कुणाची बाज आवळायची, कुणाची गादी पिंजायची, कुणाला नवी घ्यायची. आणि घरी जाऊन एकदा मोकळेपणानं सांगा, माझी पाठ दुखते, मलाही गादी लागते. एवढं सांगायला पैसे पडत नाहीत.

आता वेचणीचे दिवस जवळ आले आहेत. ह्या वर्षी कापूस घरी आला की विकण्याआधी तीस किलो बाजूला काढता येतो का बघा. तो तुमच्या पाठीसाठी.

येतो आम्ही. रामराम.